गराडूला टक्कल करून दिलंय! (कुरळ्या केसांचं छोटं कुत्रं, मदत हवी)

राजेंद्रनगरवाली | ९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, गराडू हे आमच्या कुत्र्याचं नाव आहे. टॉय पूडल, जर्दाळूच्या रंगाचा, दहा महिन्यांचा, वजन साडेतीन किलो. घरी आला तेव्हा आमच्या इंदूरच्या सराफ्यात कढईतून नुकत्याच काढलेल्या गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) फोडीसारखा दिसत होता, म्हणून लेकाने हे नाव ठेवलं. नणंदेची मुलगी नोकरीसाठी कॅनडाला गेली आणि जाताना हा पाच महिन्यांचा जीव आमच्या ओटीत टाकून गेली. आमच्या घरात त्याआधी सात पिढ्यांत कोणी कुत्रं पाळलेलं नाही.

तर झालं असं. दिवाळीचे पाहुणे गेले, म्हटलं आता याची हजामत करून आणू. ग्रूमिंगवालीला नीट समजावून सांगितलं की सगळीकडून बोटभर केस ठेवा, तोंड गोल करा, टेडीसारखं. दोन तासांनी माझ्या हातात काय आलं? सोललेलं रताळं! कान आणि शेपटीचा गोंडा तेवढा शाबूत. वर १२०० रुपये. मी विचारलं तर म्हणते, "मॅडम, नीचे से पूरा जम गया था, उठाना ही पड़ा." अहो, मी रोज दहा मिनिटं याला ब्रश करते. रोज! कातरलेले सगळे केस टेबलावर एका अखंड तुकड्यात पडले होते, घोंगडी फाटून पडावी तसे. तो तुकडा तिने मला पिशवीत घालून दिला, जणू पंचनामा. मी तिथेच भांडले, घरी येऊन एक स्टार दिला, आणि आता इथे लिहितेय.

प्रश्न असे : केस पुन्हा तसेच येतील ना? थंडी पडायला लागलीय, स्वेटर घालू का? दोन्ही काखांत आणि कानामागे लाल चट्टे दिसताहेत, ते मशीनचेच असणार ना? आणि हे सगळं घरी शिकता येतं का? कारण तिथे मी परत पाऊल ठेवणार नाही.

फोटो टाकलेत. हसू नका.

खवय्या५६ | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५५

शीर्षक वाचून पाककृतीच्या आशेने आलो होतो. बाकी पोरगं टकलातही गोड दिसतंय.

लोकमान्यनगरकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

ताई, दुकानाचं नाव टाका, म्हणजे आम्ही सावध. काय लूट लावून राहिले हे लोक! १२०० रुपयांत आमच्या घरातल्या चौघांची वर्षभराची कटिंग होते.

कात्री_कंगवा | ९ नोव्हेंबर, रात्री ११.२०

नाव टाकू नका हो. आधी मी काय म्हणते ते वाचा, मग ठरवा. मी बडोद्याची, माहेर इंदूरचं, आणि गेली आठ वर्षं हेच काम करते.

राजेंद्रनगरवाली ताई, राग मानू नका, पण त्या घोंगडीच्या तुकड्यानेच सगळं सांगितलंय. मोकळे केस मशीनखाली भुरभुर पडतात. अखंड तुकडा निघतो तेव्हा कातडीलगत सगळी जट झालेली असते. तुम्ही रोज ब्रश करत होतात याबद्दल मला शंका नाही. तुमचा ब्रश वरवर फिरत होता, एवढंच. वरचा अर्धा इंच रेशमासारखा आणि खाली नमदा, ही कुरळ्या कुत्र्याची नेहमीची फसवणूक. हात फिरवला तर मऊ लागतं, फोटोत झकास दिसतं.

पूडल, बिशाँ फ्रीझे, माल्टीज या जातींचे केस घरभर गळत नाहीत म्हणून लोक खूष असतात. पण केस गळतात हो! फक्त जमिनीवर पडायच्या ऐवजी शेजारच्या कुरळ्यात अडकतात. तो मेलेला केस तिथेच राहतो, घासतो, त्यात धूळ-लाळ जाते, आणि पीळ बसतो. त्यात तुमचा दहा महिन्यांचा आहे. पूडलमध्ये साधारण आठव्या महिन्यापासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे दाट कुरळे येतात. या काळात दोन दिवस सोडले तरी गुंता होतो. अगदी वाईट वेळी सापडलात तुम्ही.

एक विचारते. दिवाळीत आंघोळ घातली होती का? आणि त्याआधी गुंता सोडवला होता का?

राजेंद्रनगरवाली | १० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

घातली. नरकचतुर्दशीला, सगळ्यांबरोबर. उटणं नाही लावलं, कुत्र्यांचाच शांपू होता. नंतर टॉवेलने खसाखसा पुसून उन्हात सोडला. गुंता सोडवायचा असतो हे कोणाला ठाऊक?

कात्री_कंगवा | १० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

झालं मग. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालून चोळला की काय होतं? तेच झालं. पाणी लागलं की जट आवळते, टॉवेलने घासलं की आणखी घट्ट, आणि वाळली की दगड. म्हणून क्रम कायमचा डोक्यात ठेवा : आधी कंगवा, मग पाणी. टॉवेल दाबून टिपायचा, चोळायचा नाही. मग ड्रायर कोमट ठेवून, केसांच्या मुळाशी हवा जाईल असा, एका हातात ब्रश घेऊन. उन्हात सोडलं की वरून वाळतं, आत ओल राहते. आमच्याकडे बडोद्याच्या पावसाळ्यात तर आठवड्यात वास येऊन कातडी लाल होते.

आता विंचरायची रीत. बसलेला नको, आडवा झोपवा. एका हाताने केस वर उचलून धरा, म्हणजे भांग पडून कातडीची पांढरी रेघ दिसेल. त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत स्लिकर ब्रश (बारीक तारांचा असतो तो) फिरवायचा, मनगट सैल ठेवून. जोर दिला तर त्याच्या तारा ओरखडतात. मग दुसरी रेघ, मग तिसरी. पोटापासून पाठीकडे वर सरकत जायचं, कौलं शाकारतात तसं. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत. तो अडला तर तिथे काम बाकी आहे, मग वरून कितीही सुंदर दिसो. कोरड्या केसांवर करू नका, केस तुटतात; पाण्यात थोडा कुत्र्यांचा कंडिशनर घालून हलकं फवारा.

जिथे घासतं तिथे जट होते. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, जांघेत, शेपटीच्या बुडाशी. पाठ विंचरून समाधान मानणारे खूप बघितलेत मी. पाठीला काही होत नसतं.

छोटी गाठ असेल तर बोटांनी टोकाकडून उकलायची, चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळलं की घसरते. कात्री मात्र कधीही नाही. जट कातडीला ओढून तंबूसारखी वर उचलते, आपल्याला केस वाटतात आणि कापलं जातं कातडं. माझ्याकडे महिन्याला एक तरी असं घरी कापलेलं कुत्रं टाक्यांसकट येतं.

उगाच_एक_प्रतिसाद | १० नोव्हेंबर, सकाळी १०.४०

एवढं सगळं करण्यापेक्षा गल्लीतलं एखादं देशी पिल्लू पाळावं. ना हजामत, ना ड्रायर. मे महिन्यात इंदुरात पारा ४२च्या वर जातो, तिथे ही फ्रेंच लोकरीची खेळणी कशाला?

महूचा_म्हातारा | १० नोव्हेंबर, दुपारी १.१५

उगाच साहेब, देशी पाळावं हे शंभर टक्के मान्य, माझ्या दारात तीन आहेत. पण हे पिल्लू ताईंनी विकत आणलेलं नाही, अंगावर आलेलं आहे. आलेल्याला काय परत पाठवायचं?

आणि 'खेळणी' म्हणू नका. पूडल हे मुळात पाण्यातून शिकार आणणारं कुत्रं. जर्मन 'पुडेल्न' म्हणजे पाण्यात डुबुक डुबुक करणं, त्यावरून नाव पडलं. सर्कशीतल्यासारखी ती विचित्र हजामत आहे ना, सांध्यांवर गोंडे आणि मागचं अंग उघडं? पोहताना केसांचं ओझं नको आणि सांधे-छाती मात्र उबेत राहावी म्हणून ती पद्धत आली असं सांगतात. फॅशन नंतरची.

मी महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलो, आयुष्यभर गुरं-कुत्री बघितली, आता निवृत्त. फोटोवरून औषध सांगत नाही, पण लाल चट्ट्यांबद्दल : काखेत आणि कानामागे असतील तर मशीनपेक्षा जटेखाली कोंडलेल्या ओलीचे असण्याचा संभव जास्त. हळद, खोबरेल, घरातलं माणसांचं मलम, काही लावू नका, चाटून पोटात जाईल. दोन दिवसांत वास आला, ओलसर झालं किंवा तो खाजवत राहिला तर दाखवा. आणि दुखतंय वाटलं म्हणून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. साडेतीन किलोच्या जिवाला माणसाची अर्धी गोळीही महागात पडते.

आता टक्कल झालंच आहे तर त्याचा फायदा घ्या. डोळे मिटून सगळ्या अंगावरून बोटं फिरवा, पंजांच्या बोटांमध्ये, कानाच्या पाळीच्या घडीत, शेपटीखाली. काय लागतं ते इथे लिहा.

राजेंद्रनगरवाली | १० नोव्हेंबर, रात्री ८.५०

काका, तुमच्या सांगण्यावरून बसले. सासूबाईंनी टॉर्च धरला. (सासूबाईंनाच कुत्रं नको होतं, हे नोंदवून ठेवते.)

कानाच्या घडीत एक गोचीड. फुगलेली, करडी, मुगाच्या दाण्याएवढी. मला वाटलं चामखीळ आहे, पण चामखिळीला पाय नसतात!

आणि उजव्या पुढच्या पंजात, दोन बोटांच्या मध्ये, एक मऊ फोड. मध्ये टाचणीच्या टोकाएवढं भोक, दाबलं तर पाणी येतं. तो चार-पाच दिवस तोच पंजा चाटतोय, मला वाटलं सवय लागली असेल. आम्ही भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पातालपाणीला गेलो होतो, तिथे गवतात मनसोक्त लोळला होता.

महूचा_म्हातारा | १० नोव्हेंबर, रात्री ९.०५

कुसळ. उद्याच दाखवा, थांबू नका.

पावसाळा संपला की माळरानावरचं कुसळी गवत वाळतं, आणि आपल्या धोतराला टोचतं तेच ते. टोकाला मागे वळलेली बारीक लव असते, त्यामुळे घुसलेलं कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. गुळगुळीत अंगाच्या कुत्र्यावरून ते गळून पडतं. कुरळ्या केसांत अडकतं, चालताना फिरत फिरत कातडीत उतरतं. बाहेरून पू पुसून उपयोग नाही, आतली काडी निघाली पाहिजे. कानात गेलं तर कुत्रं डोकं एकाच बाजूला झटकत राहतं, तेव्हाही तासाभरात डॉक्टर गाठायचा.

गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल नको, काडी पेटवणं नको, पिरगाळणं नको. नखाने चिरडूही नका. आणि एक सापडली म्हणजे घरात आणखी असतात. अंगावरच्या कमी, फटींत आणि पडद्यांच्या घड्यांत जास्त. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे गोचिडीचं औषध घ्या. पुढचे तीन-चार आठवडे लक्ष ठेवा : जेवण सोडलं, मलूल झाला, हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी गडद झाली तर रक्ताची तपासणी. गोचिडीच्या तापाने गेलेली बरीच कुत्री मी बघितली आहेत, वेळेवर आलेली वाचलेलीही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हिशोबाने 'ताप आहे' म्हणून घाबरू नका.

राजेंद्रनगरवाली | ११ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

निघालं! थोडी गुंगी देऊन काढलं. पाऊण इंचाचं, केसाएवढं बारीक, मागे सोनेरी लव. डॉक्टरांनी कापसावर ठेवून दाखवलं. ते म्हणाले, केस असते तर फोड फुटेपर्यंत तुम्हाला दिसली नसती.

आता मला त्या ग्रूमिंगवालीचं वाईट वाटायला लागलंय.

लोकमान्यनगरकर | ११ नोव्हेंबर, दुपारी ४.४५

मी पण माझे शब्द मागे घेतो भिया. १२०० नाही, २००० द्यायला हवे होते.

वैशालीनगर_ब्लॉक | ११ नोव्हेंबर, रात्री १०.३०

आमची बिशाँ बारा वर्षांची होती, पांढरी, कायम गोल गरगरीत. शेजारी म्हणायचे काय खाऊ घालता. एकदा हजामतीनंतर तिला उचललं आणि हाताला कणा लागला, एकेक मणका मोजता येत होता. वजन पाच किलोंवरून चारवर आलं होतं. पाच किलोच्या कुत्र्यातला एक किलो म्हणजे साठ किलोच्या माणसातले बारा. मूत्रपिंडं गेली होती. दोन महिने आधी कळलं असतं तर आहार बदलून आणखी थोडी राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले.

दर महिन्याला वजन करा. आपण वजनकाट्यावर उभं राहायचं, मग त्याला घेऊन उभं राहायचं, वजाबाकी. आणि केस बाजूला सारून बरगड्यांवर हात ठेवायचा. एवढंच सांगायला आले.

कात्री_कंगवा | ११ नोव्हेंबर, रात्री ११.१०

🙏 हे माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवणार आहे.

राहिलेली उत्तरं पटापट. केस परत येतील, काळजी नको, रंग जरा फिका-गडद होतो. दोन-तीन महिन्यांत टेडी होईल, आणि मग दर चार ते सहा आठवड्यांनी कापायला न्या, जट होण्याआधी. स्वेटर आत्ता चालेल, पण रात्री काढा. केस वाढल्यावर स्वेटरनेच काखेत गुंता होतो. उन्हाळ्यात 'गार वाटेल' म्हणून पुन्हा टक्कल करू नका, उघड्या कातडीला ऊन भाजतं. बोटभर ठेवा, तेवढी सावली लागते. गळ्यात पट्टा घालून ओढू नका, या छोट्यांची श्वासनलिका नाजूक असते, छातीचा हार्नेस घ्या.

राजेंद्रनगरवाली | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.००

एक राहिलं. दिवाळीत पाहुण्यांनी त्याला चिवड्यातले बेदाणे भरवले होते, दोन-तीनच. काही झालं नाही. पण पोहे, शिरा, आमटी-भात, हे चालतं का? सासूबाई आता त्याला ताटातलं देतात.

महूचा_म्हातारा | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

नशीब. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे ठरलेलं नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला चार भोवतात. अलीकडे त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं जातं. आता ते आम्ल आपल्या स्वयंपाकघरात आणखी कशात भरपूर असतं? चिंचेत. म्हणजे चिंच-गुळाची आमटीही बंद. पोह्यात कांदा असतो, तो तांबड्या रक्तपेशी फोडतो, परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तोवर कोणाला कांदा आठवत नाही. लसूण तसाच. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे गोड पदार्थ तर नकोच.

सासूबाईंना साधा भात, उकडलेलं अंडं, दुधी, गाजर द्यायला सांगा, फोडणीआधी काढून ठेवलेलं. आणि दात बघा. दहाव्या महिन्यात दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याला चिकटून उभा असेल तर काढावा लागतो. दात घासायला आपली पेस्ट नको.

उगाच_एक_प्रतिसाद | १२ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

कबूल, धागा वाचून बरीच माहिती मिळाली. पण या कुत्र्यांची ॲलर्जी होत नाही म्हणतात ते तरी खरं का? बायको मागे लागली आहे.

कात्री_कंगवा | १२ नोव्हेंबर, दुपारी १२.२५

नाही. ॲलर्जी लाळेची आणि कातडीच्या कोंड्याची असते, आणि ही दोन्ही या कुत्र्यांनाही असतात. कोणाच्या तरी घरी जाऊन दोन-चार वेळा तासभर मांडीवर घेऊन बसा, मग ठरवा. आणि पिल्लू घ्याल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका, तसं विकायला २०१७च्या नियमांत बंदी आहे. आईला भेटल्याशिवाय तर अजिबात नको.

सुदामानगरच्या_आजी | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

बाळांनो, मी सगळं वाचलं. आमच्याकडे पांढरी माल्टीज आहे, तिच्या डोळ्यांखाली तांबडे ओघळ असतात. रोज सकाळी कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसते आणि लगेच कोरडं करते, तेवढ्यावर बरं आहे. डॉक्टर म्हणाले अश्रूंतच लोहाचा अंश असलेला रंग असतो, ओले राहिले की केस रंगतात.

मला विचारायचं आहे रंगपंचमीचं. मागच्या वर्षी नातवंडांनी तिला गुलाबी केली, दोन महिने गुलाबी होती. आधी खोबरेल चोळून ठेवावं का?

महूचा_म्हातारा | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

आजी, नमस्कार. खोबरेल ती चाटून टाकील आणि तुम्हाला जुलाब निस्तरावे लागतील. त्या दिवशी तिला आतल्या खोलीत, पंखा लावून ठेवा. कोरडा रंग पडलाच तर आधी झटका, विंचरा, मग पाणी. पाणी आधी पडलं की रंग केसात मुरलाच. आणि कोणीही कितीही लाडात सांगितलं तरी गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडे कुत्रं घेऊन जायचं नाही. तो गोंगाट, टँकरचे फवारे, लाखोंची गर्दी.

राजेंद्रनगरवाली | २२ मार्च, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. गराडू आता पुन्हा गराडू दिसतो, फोटो खाली. ग्रूमिंगवालीकडे डिसेंबरातच गेले होते, कचोऱ्या घेऊन. स्टारही बदलले. तिने विचारलं तर कुसळाची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, पंजा तिला गरम लागला होता, पण मी इतकी ओरडत होते की सांगायचं राहिलं.

विंचरायला एक दिवसाआड वीस मिनिटं लागतात. काम सासूबाईंनी घेतलंय, त्यांच्या मालिकेच्या वेळात. रंगपंचमीला तो कोठीघरात होता, तरी शेपटीचा गोंडा हिरवा झालाच. कोणी केला, घरात कोणी कबूल करत नाही. सासूबाईंच्या पदरालाही तोच हिरवा आहे.